आगाशीच्या पुढे अर्नाळा
भिवंडी रोड स्थानकातून वसईमार्गे विरारला उतरले, की आगाशी जवळच आहे. मुंबईचे व्यापारी मोतीशा शेठ यांनी उभारलेल्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात दर्शन घेऊन अनेक कुटुंबे तेथूनच परततात. पुढे थोड्याच अंतरावर अर्नाळा आहे: सुरूचे बन, कोळ्यांच्या रंगीत होड्या, त्यांवरील पताका आणि समोर बेटावर मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलेला जलदुर्ग. दक्षिणेस राजोडी व कळंबचे शांत किनारे आहेत.

वाटेवरील सोपारा हे प्राचीन काळचे मोठे बंदर. १८८२ मध्ये तेथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. खाडीत गाळ साचत गेला आणि बंदरासोबत बाजारही सरला. पाणी टिकले तरच काठचे गाव टिकते. चौविहारासाठी सूर्यास्तापूर्वी परतताना वाळूत कचरा न ठेवणे, हीही जीवदयाच होय.