वेलांटी आधी की अक्षर आधी?

विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. वर्षभराच्या मुदतवाढीची सोय होती. पण मुदतवाढ हा आम्हा प्राध्यापक मंडळींचा जुनाच रोग असल्याने या खेपेस तो मोह टाळायचा, असे मी ठरवले. आमच्या हिंगोलीच्या घरातला संगणक २०१९ सालचा. नव्या आवृत्तीच्या अटींत तो जेमतेम बसत होता. दिवाळीची सुट्टी होती, इन्व्हर्टर भरलेला होता आणि पुण्याला नोकरी करणारा माझा एक माजी विद्यार्थी फोनवर सोबतीला होता. “मॅडम, आधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या,” एवढे त्याने तीनदा बजावले. मी प्रत घेतली आणि निर्धास्त झाले. हा निर्धास्तपणा दोन दिवसही टिकला नाही.

पहिला अडथळा लगेच आला. संगणक सुरू होण्यासाठी डिस्कवर एक छोटा राखीव कप्पा असतो. तो अद्ययावत करता येत नाही, असा संदेश पडद्यावर उमटला. डिस्कची विभागणी करताना हा कप्पा अवघा शंभर एमबीचा ठेवला गेला होता आणि तो भरत आला होता. त्यावरचा उपाय ऐकून मला हसू आले. त्या कप्प्यात सुरुवातीचे संदेश दाखवण्यासाठी निरनिराळ्या लिप्यांचे फॉन्ट ठेवलेले असतात. ते पुसले की पंधरा-वीस एमबी मोकळे होतात. विद्यार्थ्याने सांगितलेल्या आज्ञा मी काळ्या चौकटीत एकेक अक्षर तपासून टंकित केल्या. पुसण्याआधी यादी वाचली. चिनी होती, जपानी होती, कोरियन होती. देवनागरी काही दिसली नाही. आपले काही जात नाही, अशा क्षुद्र समाधानाने मी ते फॉन्ट पुसले.

दुसऱ्या प्रयत्नात गाडी बरीच पुढे गेली. टक्के चढत राहिले, संगणक दोनदा आपणहून बंद होऊन सुरू झाला आणि मग केलेले सर्व बदल मागे घेतले जात असल्याची सूचना आली. तासाभराने जुनाच पडदा जसाच्या तसा समोर उभा राहिला. अशा वेळी काय बिनसले याची नोंद यंत्र स्वतः लिहून ठेवते आणि ती ज्या फोल्डरमध्ये असते त्याचे नाव ‘पँथर’ आहे, हे मला त्या दिवशी कळले. मराठीच्या शिक्षकाला पँथर म्हटले की १९७२ आठवते. इथे मात्र हजारो ओळींची रुक्ष दैनंदिनी होती. विद्यार्थ्याने ती मागवून घेतली आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. “मॅडम, तुमच्याकडे एखादे जुने मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर आहे का? डोंगलवाले?”

होते. संगणकाच्या मागच्या बाजूला, धूळ खात. डोंगल म्हणजे पेनड्राइव्हसारखे दिसणारे कुलूप. ते लावले असेल तरच सॉफ्टवेअर चालायचे. या कुलपासाठी लागणारा जुना ड्रायव्हर नव्या कार्यप्रणालीला चालत नव्हता. तो आणि ते सॉफ्टवेअर काढून टाकले तर अडथळा दूर होणार होता. वीस वर्षांत आमच्या घरातले दोन संगणक बदलले, डोंगल मात्र एकच राहिले. कारण त्याच्या आधाराने मी २००४ साली माझ्या आजीच्या जात्यावरच्या तीनशे बारा ओव्या टंकित केल्या होत्या. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून एम. ए. झाले त्या काळातली ही गोष्ट. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी बसून त्या आधी वह्यांत उतरवल्या होत्या. पुढे माळवद गळले आणि वह्या गेल्या. त्याआधीच आजीही गेली होती.

“पण ओव्यांची प्रत मी डिस्कवर घेतली आहे,” मी म्हणाले. “ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा,” तो म्हणाला.

मुलीच्या लॅपटॉपला डिस्क जोडली. फाईल उघडली. पानेच्या पाने भरलेली होती, चार चार ओळींची कडवीही दिसत होती. पण अक्षरे मात्र डोक्यावर टिंबे आणि टोप्या घेतलेली रोमन. एकही शब्द लागेना. मुलीने विचारले, “आई, ही कुठली भाषा?” मी काही बोलले नाही. वीस वर्षे मी जे जपून ठेवल्याच्या भ्रमात होते, ते मराठी नव्हतेच. मराठी होता तो फक्त मुखवटा.

असे का झाले, हे भाषेच्या अभ्यासकांनी समजून घेण्याजोगे आहे. त्या काळातले बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीची चित्रे चढवत. संगणकाच्या लेखी तिथे रोमन चिन्हेच साठवली जात. फॉन्ट तेवढा त्यांना मराठी रूप देई. फॉन्ट गेला की रूप गेले. शिवाय प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी वेगळी. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती आणि ती व्यवस्था ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावर बेतलेली होती. पण आमच्या जिल्ह्यातल्या टायपिंगच्या दुकानांपर्यंत ही वार्ता यायला बरीच वर्षे लागली. मीही त्या उशिराचीच एक भागीदार.

फॉन्टची फाईल तेवढी बाजूला काढून ठेवता आली असती. पण त्याने प्रश्न पुढे ढकलला असता, सुटला नसता. म्हणून आधी ओव्या युनिकोडमध्ये आणायच्या, मगच डोंगलला निरोप द्यायचा, असे ठरले. विद्यार्थ्याने त्या फॉन्टसाठी रूपांतराचा एक छोटा प्रोग्राम जुळवला. त्यात काय काय करावे लागते हे तो समजावून सांगत होता, आणि मी ऐकता ऐकता थबकले. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘दिवा’ या शब्दात पहिली वेलांटी डावीकडे, म्हणून ती आधी, ‘द’ नंतर. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर, म्हणून तो ‘य’च्या मागून. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: आधी ‘द’, मग त्याचा ‘इ’कार, आधी ‘र’, मग ‘य’. पहिली पद्धत डोळ्याची आणि दुसरी कानाची. म्हणजे आजीच्या ओव्या मी वीस वर्षे डोळ्याच्या क्रमाने कोंडून ठेवल्या होत्या आणि आता त्या पुन्हा कानाच्या क्रमाने लागणार होत्या.

रूपांतर पुष्कळसे नीट झाले. चुका झाल्या त्याही बोलक्या होत्या. मराठीचा खास ‘ऱ्य’ प्रोग्रामला ओळखता आला नाही. त्याने सरसकट रफार दिला. त्यामुळे माहेरच्या वाटेवरच्या दऱ्यांचा दर्या झाला. जिने आयुष्यात येलदरीच्या धरणापलीकडे मोठे पाणी पाहिले नाही, त्या आजीच्या ओवीत समुद्र उसळू लागला. अशा जागा मी एकेक करून दुरुस्त केल्या. तरी आठ-दहा ओव्यांत शब्द लागेनात. मग गावी आत्याला फोन लावला. ती आता ऐंशीच्या घरात आहे.

“कामून गं, आता कामून आठवलं हे?” तिने विचारले. मी ओवीची पहिली ओळ वाचून दाखवली. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “असं नाही बाई ते,” आणि गाऊ लागली.

तिच्या गाण्यात ‘पाणी’ नव्हते, ‘पानी’ होते. ‘कशाला’ नव्हते, ‘कामून’ होते. ओळीच्या शेवटी आळवून लांबवलेला स्वर होता, त्याचा तर माझ्या टंकलेखनात मागमूसही नव्हता. मी दुसरी ओवी वाचली, तिसरी वाचली. प्रत्येक वेळी हेच. हळूहळू लक्षात आले की बिघाड फॉन्टमध्ये नव्हता, डोंगलमध्ये नव्हता, राखीव कप्प्यातही नव्हता. २००४ साली, नव्या पदवीच्या तोऱ्यात, आजीची बोली मी प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करून लिहिली होती. प्रोग्रामने माझी शुद्धी इमानेइतबारे जतन केली. आजीचे शब्द त्याला मिळालेच नव्हते, तर तो ते परत कुठून आणणार?

आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांची पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात गुरुमुखी लिपीत आहेत. लिपी बदलली, प्रदेश बदलला, तरी ती गायली जात राहिली, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आले आहे. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत हरवली आणि पुढे स्मरणाच्या आधारे तिचे पाठ सिद्ध झाले, हेही सांगते. पाठांतर, पाठभेद, प्रक्षेप हे सगळे शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या घरातल्या संहितेत प्रक्षेप करून ठेवावा आणि त्याचा पत्ता एका ड्रायव्हरच्या बिघाडामुळे लागावा, याला काय म्हणावे?

नवी कार्यप्रणाली तिसऱ्या प्रयत्नात विनातक्रार बसली. नको वाटल्यास दहा दिवसांत जुन्या आवृत्तीकडे परत जाता येते, असे तीत लिहिलेले होते. मी परत गेले नाही. ओव्यांच्या फाईलमध्ये आता दोन रकाने आहेत. डावीकडे माझा २००४ चा पाठ, चुकांसकट. तो मी पुसणार नाही. उजवीकडे आत्या गाते तसा पाठ, ‘पानी’सह, आणि सोबत तिच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण. तीनशे बारापैकी तिला चाळीसेक आठवतात. बाकीचा उजवा रकाना रिकामा आहे. पुढच्या रविवारी मी पुन्हा सेनगावकडे जाणार आहे. आत्याची एक मावसबहीण अजून आहे, असे ती म्हणाली.