अब्बांचा कान

मालेगावात अब्बा यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करत. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचे. खरखर ऐकू आली की म्हणायचे, "आज ग्रीस दे दो सेठ, नहीं तो कल वाइंडिंग जाएगी." ३ फेजपैकी १ गेला, की उरलेल्या दोघांवर भार येऊन मोटार घुमते, तापते, जळते; तेही ते आवाजावरून ओळखत. सेठ मात्र जळल्यावरच बोलावत. दुरुस्तीला पैसे होते, देखभालीला नव्हते.

मागांच्या खडखडाटात ४० वर्षांत अब्बांचे कान गेले. वेळेत कुणी तपासले नाहीत, आम्हीही नाही. आता ते मोटारीवर तळहात ठेवून थरथर पारखतात.

वर्गात मी शिकवतो, आवाज म्हणजे इर्तेआश, कंपन. शिकवताना तो तळहात आठवतो आणि खडू थांबतो.