पंढरीहून एकटा परतलेला महाराज

यमगर्णी हे पुणे-बेंगळुरू महामार्गालगतचं, वेदगंगेच्या काठचं गाव. तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव. राज्य कर्नाटक, भाषा मराठी, आणि आषाढ जवळ आला की गावातल्या काहींचे पाय आपसूक पंढरपूरकडे वळतात. अशाच एका वारकऱ्याच्या घरी एक काळा कुत्रा असायचा. नाव महाराज. टाळ-मृदंग सुरू झाला की बहुतेक कुत्री भुंकतात, नाहीतर शेपूट घालून लांब जाऊन बसतात. महाराजला मात्र भजन ऐकायला आवडायचं. त्याच्या मालकांनीच पत्रकारांना तसं सांगितलं आहे.

कुठल्या नामांकित जातीचा तो नव्हता. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ कुत्र्याला २००५ साली टपाल तिकिटावर जागा मिळाली, पुढे लष्करानंही त्याला आपलंसं केलं. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला तर महिनोन्‌महिने शिकवावं लागतं. महाराजला कुणी काही शिकवलं नव्हतं. मालक पायी निघाले की हाही निघायचा, एवढंच. ज्योतिबाच्या पायी यात्रेलाही तो असाच एकदा जाऊन आला होता.

मालकांचा आषाढी आणि कार्तिकीची वारी चुकवायची नाही असा नेम. २०२४ च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात ते सोबत्यांबरोबर पायी निघाले आणि महाराज मागोमाग चालू लागला. जवळपास अडीचशे किलोमीटरची वाट. वेदगंगेच्या काठावरून निघायचं, राज्याची हद्द ओलांडायची, कृष्णा ओलांडायची आणि भीमेच्या काठी पोहोचायचं. पुढं भजन म्हणणारी माणसं आणि मागं हा. एवढं अंतर त्यानं स्वतःच्या चार पायांनी कापलं, ही गोष्ट पुढच्या हकिकतीत फार महत्त्वाची आहे. गाडीत घालून नेलेल्या कुत्र्याला रस्ता तितका कळत नाही. चालत गेलेल्याला प्रत्येक ओढ्याचा, ढाब्याचा, मुक्कामाच्या देवळाचा वास ठाऊक होतो.

पंढरपुरात विठोबाचं दर्शन घेऊन मंडळी बाहेर आली, तर महाराज नाही. शोधाशोध झाली. लोकांनी सांगितलं, तो दुसऱ्या एका जथ्याबरोबर गेला. एकादशी त्या वर्षी १७ जुलैला होती. तुकोबांची पालखी २८ जूनला देहूहून आणि माउलींची २९ जूनला आळंदीहून निघून पंढरीच्या वाटेवर होती. गाव आधीच माणसांनी फुलू लागलेलं. अशा ठिकाणी काळ्या रंगाचं कुत्रं शोधायचं म्हणजे गव्हाच्या पोत्यात मोहरीचा दाणा. शोधूनही सापडला नाही तेव्हा मालक निघाले आणि १४ जुलैला यमगर्णीला पोहोचले.

इथं थोडं थांबायला हवं. महाराज दुसऱ्या कुत्र्यामागं पळून किंवा गाडीला बुजून हरवला नाही. लोकांचं सांगणं खरं धरलं, तर तो एका जथ्यामागून निघून गेला. पायी चालणारी, देवाचं नाव घेणारी माणसं दिसली की त्यांच्यामागं जायचं, ही त्याची अंगवळणी पडलेली रीत. ज्या सवयीनं त्याला पंढरीला आणलं, बहुधा तिनंच त्याला तिथं चुकवलं.

मालक घरी पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दारात उभा होता, शेपटी हलवत.

मालकांना नवल वाटलं ते त्याच्या तब्येतीचंही. तो खंगलेला नव्हता, जखमी नव्हता, पोट भरलेलं होतं. गावकऱ्यांनी निर्वाळा दिला: पांडुरंगानंच वाट दाखवली. त्यांच्याशी वाद घालण्याचं काही कारण नाही, पण पांडुरंगानं ती कशी दाखवली असेल याची चौकशी करायला हरकत नाही.

चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून सहाशेहून अधिक फेऱ्या नोंदवल्या आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक वेळा कुत्री ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं, वास काढत परतली. सुमारे एक तृतीयांश वेळा मात्र त्यांनी नवीच वाट धरली, आणि त्यातल्या बहुतेक वेळा परतताना आधी वीसेक मीटर उत्तर-दक्षिण धाव घेतली, जणू पृथ्वीच्या चुंबकत्वावर दिशा जुळवून घेतली. पण ती रानातली छोटी भटकंती होती. इथं अडीचशे किलोमीटर, वर पावसाळा. होकायंत्र कितीही पक्कं असलं तरी कृष्णा पुलावरूनच ओलांडायची असते, आणि पूल कुठं आहे हे चुंबकत्व सांगत नाही. महाराजला तो ठाऊक होता, कारण तो जाताना त्यावरून चालला होता. की परतीच्या एखाद्या दिंडीनं त्याला निम्मी वाट सोबत दिली? दोन्ही शक्य आहे. दुसरं जास्त पटतं, कारण पोट भरलेलं होतं. वारीच्या दिवसांत त्या रस्त्यांवर अन्नदान चालू असतं आणि पंगत उठल्यावर कुत्र्याच्या वाट्याला काही ना काही येतंच.

अमेरिकेतल्या बॉबी नावाच्या कुत्र्याची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. १९२३ च्या उन्हाळ्यात ओरेगॉनमधलं कुटुंब त्याला मोटारीतून इंडियानात घेऊन गेलं, तिथं तो हरवला आणि सहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९२४ मध्ये, चार हजारांहून अधिक किलोमीटर तुडवून घरी आला. हाडं वर आलेली, पंजे झिजलेले. बातमी छापून आल्यावर वाटेत त्याला खाऊ घालणाऱ्या, रात्रभर ठेवून घेणाऱ्या लोकांची पत्रं आली आणि त्यांवरून त्याचा मार्ग जुळवता आला. एकट्यानं केलेला म्हणून गाजलेला तो प्रवास अनेकांच्या ओसरीवरून झालेला होता. महाराजचाही तसाच झाला असावा.

वारीत जनावर नवं नाही. माउलींच्या पालखीचे अश्व याच बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. आळंदीपर्यंतचं सुमारे तीनशे किलोमीटर अंतर तेही पायीच कापतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी, तिथं माउली बसतात ही श्रद्धा. पण त्यांचा मान ठरलेला, मुक्काम ठरलेले, चारा-पाण्याला माणसं ठरलेली. महाराजला यातलं काहीच नव्हतं.

तरी मान त्यालाही मिळाला. गावकऱ्यांनी हार घातला आणि जेवण घातलं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी या मुलखाला जवळची. तिथल्या दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री घराघरांत पाहिलेली. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा कीर्तनात ऐकलेली. कुत्र्याच्या गळ्यात हार घालताना त्यामुळं कुणाला वावगं वाटलं नसणार. वृत्तसंस्थेनं बातमी दिली आणि यमगर्णीचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. एरवी महापुरात महामार्ग बंद पडला की तेवढ्यापुरतं ते छापून येतं. हाराशी महाराजला काय देणंघेणं असणार? जेवणाशी मात्र नक्की असणार.