आधी आकडा पाहायचो, आता पद्धत पाहतो

एखाद्या शोधनिबंधाला किती सायटेशन्स मिळाली यावरून त्याचा दर्जा कळतो, असं मी बरीच वर्षं मानत आलो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवरचा पेपर हाती आला की जर्नल कोणतं, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर किती आणि पेपरचा उल्लेख किती जणांनी केलाय, हे आधी बघायचं आणि मग तो वाचायचा की नाही ते ठरवायचं. पीजीच्या विद्यार्थ्यांनाही मी हेच शिकवलं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं हे मोकळेपणी सांगावंसं वाटतं, कारण या आकड्यावर आमच्या व्यवसायातले पुष्कळ निर्णय उभे आहेत आणि त्यातले काही थेट रुग्णाच्या गुडघ्यापर्यंत पोचतात.

जुनं मत निराधार नव्हतं. सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशन थिएटर, संध्याकाळी वॉर्डचा राउंड, यातून वाचनाला उरतो तो वेळ थोडा आणि दर महिन्याला छापून येणारे पेपर मोजता येणार नाहीत इतके. कुठेतरी चाळणी लावावीच लागते. ज्या पेपरचा जगभरच्या सर्जननी हजार वेळा उल्लेख केला, तो हजार जणांच्या नजरेखालून गेलेला असणार, हा तर्क मला पटत होता. त्यात एक गृहीत दडलेलं होतं: उल्लेख करणारा प्रत्येक जण तो पेपर तपासून मगच उल्लेख करतो. हे गृहीत एकदम कोसळलं नाही, वाचता वाचता हळूहळू निखळत गेलं.

पहिली शंका आली ती सर्वाधिक सायटेशन्सच्या याद्या बारकाईने बघताना. गुडघ्याच्या साहित्यात या याद्यांच्या वरच्या भागात काही नावं हमखास भेटतात. लायशोल्म आणि गिल्क्विस्ट यांचा 1982 चा पेपर, टेग्नर आणि लायशोल्म यांचा 1985 चा, इन्सॉल आणि सहकाऱ्यांचा 1989 चा नी सोसायटी स्कोअर. तिन्ही मोलाचे आहेत, पण तिन्ही मोजपट्ट्या आहेत. कोणती शस्त्रक्रिया करावी किंवा करू नये, याचं उत्तर त्यांत नाही. निकाल कसा मोजायचा, एवढंच त्यांत आहे. लिगामेंटची शस्त्रक्रिया करून कोणीही पेपर लिहिला की लायशोल्म स्कोअर वापरावा लागतो आणि वापरला की उल्लेख करावा लागतो. एक्स-रेवरून संधिवाताची पायरी ठरवणाऱ्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांच्या 1957 च्या पेपरचंही तसंच. म्हणजे आकडा सांगत होता तो वापर. मी त्याला दर्जा समजत होतो.

आणि खूप वापरलेली मोजपट्टीसुद्धा प्रत्येक गुडघ्याला लागू पडतेच असं नाही. वोमॅक ही 24 प्रश्नांची प्रश्नावली कॅनडात तयार झाली, 1988 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर पसरली. त्यात मोजे घालताना किती त्रास होतो, बाथटबमध्ये उतरताना किती होतो, असे प्रश्न आहेत. आमच्या ओपीडीत येणारी आजी मोजे घालत नाही आणि टबमध्येही उतरत नाही. तिचा प्रश्न असतो, "डॉक्टर, पूजेला मांडी घालून बसता येईल का?" गावाकडच्या आजोबांना उकिडवं बसता येईल का, एवढंच हवं असतं. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली भारतीय जगण्याला जुळवून घेतली. सायटेशन्समध्ये ती मूळ प्रश्नावलीच्या जवळपासही नाही. माझ्या रुग्णाला मात्र तिचाच उपयोग जास्त आहे.

दुसरा धक्का कूर्चेच्या उपचाराने दिला. 1994 मध्ये स्वीडनच्या ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एक पेपर लिहिला. रुग्णाच्याच गुडघ्यातल्या कूर्चेच्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि झिजलेल्या जागी परत सोडायच्या. रुग्ण 23. मांडीच्या हाडावरचा व्रण असलेल्या 16 पैकी 14 जणांचा निकाल चांगला किंवा उत्तम होता. वाटीमागे व्रण असलेल्या 7 पैकी फक्त 2 जणांचा तसा होता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. लेखकांनी काही लपवलं नव्हतं, आकडे समोर मांडले होते. या पेपरचा उल्लेख पुढे हजारो वेळा झाला आणि त्यातून अख्खी उपशाखा उभी राहिली. दहा वर्षांनी नॉर्वेत क्नुटसेन आणि सहकाऱ्यांनी 80 रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले आणि पेशींच्या उपचाराची तुलना मायक्रोफ्रॅक्चर या साध्या, स्वस्त उपचाराशी केली. दोन वर्षांनी पेशींचा उपचार सरस ठरला नाही, पाच वर्षांनीही नाही. पहिल्या पेपरने एक कल्पना दिली, दुसऱ्याने ती तपासली. सायटेशन्स पहिल्याला कितीतरी जास्त आहेत. रुग्णाला सल्ला देताना मला आधार वाटतो तो दुसऱ्याचा.

इथपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो की ही अपवादाची उदाहरणं आहेत. मग कोलमन आणि सहकाऱ्यांचा 2000 सालचा पेपर वाचला. वाटीखालच्या टेंडनच्या दुखण्यावर, ज्याला खेळाडू जम्पर्स नी म्हणतात, झालेल्या शस्त्रक्रियांचे प्रसिद्ध निकाल त्यांनी गोळा केले आणि प्रत्येक अभ्यासाच्या पद्धतीला शंभरपैकी गुण दिले. किती रुग्ण होते, किती काळ पाठपुरावा झाला, निकाल कोणी मोजला, रुग्ण कसे निवडले, असे ते निकष होते. पद्धत जितकी कच्ची, तितकं यशाचं प्रमाण जास्त, असं त्यांना दिसलं. या वाक्यापाशी मी थांबलो. ज्या पेपरमधले 90 टक्के यशाचे आकडे मी रुग्णांना सांगत असे, त्यातल्या यशाचा किती वाटा शस्त्रक्रियेचा होता आणि किती ढिल्या मोजणीचा, हे सायटेशन्स बघून कधीच कळलं नसतं. त्यासाठी पद्धतीचा भागच वाचावा लागतो.

याच सुमारास इम्पॅक्ट फॅक्टरचं गणितही मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं. जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन्स मिळाली, भागिले त्या लेखांची संख्या. दोन वर्षं! बदललेला गुडघा बरा आहे की नाही, हे दोन वर्षांत कुठे कळतं? 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे दाखवलं, की संपूर्ण सांधेरोपण केलेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षं टिकतात. "डॉक्टर, हा गुडघा किती वर्षं चालेल?" या प्रश्नाला आज मी जे उत्तर देतो, ते अशा नोंदींमुळे. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही 1975 पासून ठेवली. तिथे वर्षानुवर्षं फॉर्म भरणाऱ्या माणसांच्या कामाला दोन वर्षांच्या खिडकीत किंमत मिळत नाही.

माझं मत सर्वात जास्त हलवलं ते दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या चाचण्यांनी. झिजलेला गुडघा दुर्बिणीतून साफ केला की आराम पडतो, हा आमचा सर्वांचा अनुभव होता. रुग्णही तसंच सांगायचे. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या मोझली आणि सहकाऱ्यांनी 180 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. काहींचा गुडघा साफ केला, काहींचा नुसता धुतला, काहींच्या त्वचेवर फक्त छेद घेतले. भाग घेणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं, की तुमच्या वाट्याला नुसते छेदही येऊ शकतात. दोन वर्षांनी तिन्ही गटांत फरक नव्हता.

पेपरवर खूप टीका झाली आणि तिच्यातले काही मुद्दे रास्त होते. एकच सर्जन, माजी सैनिकांचं रुग्णालय, बहुतेक पुरुष. पेपर चुकीचा आहे असं म्हणणाऱ्यांनीही त्याचा उल्लेख केला आणि सायटेशन्सच्या हिशेबात तो उल्लेख पाठिंब्याइतकाच मोजला गेला. आक्षेपांना खरं उत्तर मिळालं ते पुढच्या चाचण्यांतून. 2008 मध्ये कॅनडातून कर्कली आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. व्यायाम आणि औषधांच्या जोडीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया केल्याने वेगळा फायदा दिसला नाही. 2013 मध्ये फिनलंडमधल्या पाच रुग्णालयांनी, संधिवात नसलेल्या पण झिजेने गादी फाटलेल्या 146 रुग्णांवर खरी आणि दिखाऊ शस्त्रक्रिया ताडून पाहिली. वर्षभरानंतर फरक नव्हता. 2017 मध्ये बीएमजेने नेमलेल्या तज्ज्ञांनी झिजेच्या गुडघ्यासाठी जवळपास सर्वच रुग्णांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविरुद्ध ठाम शिफारस केली.

या पेपरांनाही सायटेशन्स भरपूर आहेत, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. कधी कधी दर्जा आणि आकडा हातात हात घालून चालतात. पण ज्या गोष्टीने मला माझ्या स्वतःच्या अनुभवाविरुद्ध विचार करायला लावलं, ती होती चाचणीची रचना. मळलेल्या वाटेवरून पुष्कळ लोक गेले एवढंच कळतं. ती वाट योग्य गावाला पोचते की नाही, ते स्वतः पाहावं लागतं.

म्हणून सायटेशन्स कुचकामी आहेत, असं मी म्हणत नाही. युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली ती एका पेपरवरून त्याच्याशी नातं असलेले दुसरे पेपर शोधता यावेत म्हणून. त्या कामासाठी मी आजही ती रोज वापरतो. संशोधकाची पत मोजण्यासाठी जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये, असं आवाहन सॅन फ्रान्सिस्कोत 2012 च्या डिसेंबरमध्ये जमलेल्या संपादकांनी केलं होतं. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते टोकाचं वाटलं होतं. आज ते अगदी साधं वाटतं.

आता आमच्या जर्नल क्लबमध्ये सुरुवात पद्धतीच्या भागाने होते. रुग्ण कसे निवडले? तुलनेचा गट होता का? निकाल शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच मोजला का? मधेच किती जण गळाले? चाचणी भारतातली असेल तर ती सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंदली होती का, आणि तिथे सांगितलेला मुख्य निकालच पेपरात आहे का? लेखक आणि जर्नल यांची नावं शेवटी. विद्यार्थ्यांना सुरुवातीला हे जड जातं, पण महिन्याभरात ते असे प्रश्न विचारू लागतात की मला उत्तर शोधायला परत पेपर उघडावा लागतो. थिसिसचा विषय निवडतानाही आम्ही लहान पण प्रामाणिक प्रश्न घेतो, ज्याचं उत्तर "नाही" आलं तरी रुग्णाच्या कामाला येईल.

वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीला प्रकाशित पेपरांची अट आहे आणि ती लवकर जाईल असं दिसत नाही. म्हणून निवड समित्यांवर बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती आहे. उमेदवाराचे पेपर मोजून झाले की त्यातला एक त्याच्यासमोर उघडा, पद्धतीचं पान काढा आणि हे असंच का केलं ते विचारा. पंधरा मिनिटं लागतील. त्या पंधरा मिनिटांत जे कळेल, ते कोणत्याही आकड्यातून कळणार नाही.