वीज गेली की पाणी कुठे जाणार?

मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरात माशांची चार फुटी टाकी होती आणि तिच्यात दोन ऑस्कर. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा फूटभर वाढतो, माणसं ओळखतो आणि खातो त्याहून जास्त सांडतो. टॉप फिल्टरचा पांढरा कापूस दोन दिवसांत तपकिरी व्हायचा. २०१९च्या उन्हाळ्यात पाणी ३१ अंशांवर गेलं आणि दोघंही दुपारभर पृष्ठभागाशी तोंडं लावून राहू लागले. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा मी सम्प करायचं ठरवलं. म्हणजे टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवायची. वरचं पाणी ओसंडून पाइपातून तिच्यात उतरणार, गाळण्यांतून फिरणार आणि पंपाने परत वर चढणार. वाटेत त्याला हवाही भरपूर मिळते.

कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात चौकशी केली तर जो तो मीडियाबद्दलच, म्हणजे गाळणीत भरायच्या मालाबद्दलच बोलायचा. कुणाच्या मते सिरॅमिक रिंगा, कुणाच्या मते बायोबॉल, कुणी लाव्हा दगडावर ठाम. वास्तविक अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना चिकटायला जागा लागते आणि अंगावरून हवेशीर पाणी वाहतं लागतं. डब्यावरचं नाव त्यांना वाचता येत नाही. मी भांड्यांच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या घासण्या आणल्या, साबण नसलेल्या. महागड्या रिंगांइतकंच काम त्या करतात, हे माझं मत मी आजही सोडलेलं नाही.

माझ्या डोक्यात प्रश्न वेगळाच होता. मुलुंडला वीज महावितरणची, आणि भारनियमनाची वेळापत्रकं बघत इथे एक पिढी मोठी झाली आहे. पंप चालू असताना सम्प कसा वागतो हे कुणीही दाखवेल. पंप थांबला की वरचं किती पाणी खाली येणार? आमच्या बरोबर खालच्या घरात नुकतंच पीओपीचं सिलिंग झालं होतं.

वहीत गणित मांडलं. वरची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली. ओसंडायच्या कडेवर चालू पंपामुळे अडीच सेंटिमीटर पाणी चढलेलं असतं, ते साडेतेरा लिटर. हे येणारच. खरा धोका परतीच्या पाइपाचा. त्याचं तोंड पाण्यात दहा सेंटिमीटर बुडलेलं असेल, तर पंप बंद पडताच तोच पाइप सायफन होऊन उलटा वाहतो आणि ५४ लिटर खाली आणतो. माझा सम्प ९० बाय ३० बाय ३८चा, साधारण १०२ लिटरचा. त्यात २३ सेंटिमीटरपर्यंत पाणी ठेवलं तर वर ४० लिटरची जागा मोकळी. साडेतेरा सहज मावतात, ५४ लादीवर जातात. दुकानात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुचवला गेला, पण त्यात शेवाळाचा एक धागा अडकला तरी तो पुरता मिटत नाही. मी परतीचं तोंड पाण्याच्या पातळीलगतच ठेवलं. पाणी जरा उतरलं की पाइपात हवा शिरते आणि सायफन तुटतो.

उतरत्या पाइपासाठी टाकीला भोक पाडायला आलेल्या काचवाल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "टफन नाही ना?" टफन काचेला भोक पाडायला गेलं की ती सबंध फुटून चुरा होते. आमची साधी होती. हिऱ्याच्या कटरवर पाण्याची धार सोडत त्यांनी भोक पाडलं, टँक निप्पल बसवलं, सम्पमध्ये सिलिकॉनने तीन पडद्या उभ्या केल्या.

वजनाचंही बघावं लागलं. पाणी, काच, वाळू, स्टँड, सम्प मिळून चारशे किलोंच्या वर जातं. घराच्या जमिनीवर चौरस मीटरला २०० किलोंचा भार धरून इमारतीचा हिशेब करतात आणि टाकी उभी असते जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. सोसायटीचं काम बघणाऱ्या इंजिनियरांच्या सांगण्यावरून टाकी खोलीच्या मधून काढून बीमवरच्या भिंतीला लावली. पंपाची वायरही बोर्डाच्या खाली झोल देऊन मग वर नेली, म्हणजे ओघळ आला तर तो सॉकेटपर्यंत न जाता जमिनीवर ठिबकतो.

पाणी सुटलं आणि आवाजाने घर डोक्यावर घेतलं. पाइप पाण्याबरोबर हवा गिळतो, थांबतो, पुन्हा गिळतो. "अरे, रात्रभर कुणीतरी मोरीत बादल्या ओततंय असं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. यावर रिचर्ड डर्सो या अमेरिकन हौशी माणसाच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती आहे. उभ्या पाइपावर टी बसवायचा, त्याच्या एका तोंडाला खाली वळलेला एल्बो, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून ओढलं जातं. आणि वरच्या टोपणाला बारीक भोक, हवेसाठी. भोक फार लहान राहिलं तर पाइप आचके देतो, मोठं झालं तर सुरसुरतो. तापलेल्या सुईने थोडं थोडं वाढवत नेलं, तेव्हा कुठे घर शांत झालं. जुन्या फिल्टरचा मळका स्पंज न धुता घासण्यांच्या खणात ठेवला होता, त्यामुळे जिवाणूंची वस्ती नव्याने बसायला लागणारा महिना-दीड महिना वाचला.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला ग्रिड कोसळली आणि सगळ्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी घरूनच काम करत होतो, कपाट उघडून बसलो. सम्पची पातळी चढत गेली, परतीच्या पाइपातून सुर्रकन हवा ओढल्याचा आवाज आला आणि पाणी काठापासून बरंच खाली थांबलं. पुढची काळजी प्राणवायूची. वाहतं पाणी थांबलं की घासण्यांतले जिवाणू उरलेला प्राणवायू भराभर संपवतात. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये हे लवकर होतं, उघड्या सम्पमध्ये जरा सवड मिळते. बॅटरीवरच्या हवेच्या मोटरीचा बुडबुडे सोडणारा एक दगड वर सोडला, एक घासण्यांत, आणि ऑस्करना त्या दिवशी उपास घडवला. वीज आल्यावर पंपाने पाणी मुकाट्याने वर नेलं.

सम्पचा आणखी एक उपयोग मला नंतर कळला. आमच्या नळाचं पाणी मुळात मृदू, माझ्या टीडीएस मीटरवर शंभराच्या खालीच. नायट्रेट तयार होताना पाण्यातली क्षारता खर्च होते आणि मृदू पाण्याचा सामू घसरू लागतो. म्हणून शिंपल्यांच्या चुऱ्याची एक पिशवी खालच्या खणात असते. वर टाकली असती तर ऑस्करनी दिवसभर उचकटली असती.

आता रोजचं काम एकच. बाष्पीभवनाची सगळी घट पंपाच्या खणात दिसते. मे महिन्यात दिवसाला लिटर-दीड लिटर. सासूबाई तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या तिथे रिकामा करतात. तांब्याभर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने काही बिघडत नाही. पण २३ सेंटिमीटरच्या खुणेवर मी लाल पट्टी चिकटवून लिहून ठेवलंय: याच्या वर पाणी नको.