आधी अभ्यास, मग खोदकाम

आमच्या जोयडा तालुक्यात भाषेची अडचण कुणाला पडत नाही. आजी मराठीत रागावते, नातू कन्नडमध्ये सबब सांगतो, आणि दोघांनाही सगळं कळतं. कोर्टकचेरीची भाषा मात्र दोघांच्याही आवाक्याबाहेरची. त्यामुळे आपल्या दारातल्या एका मोठ्या निकालाबद्दल घरांतून मी फारसं बोललेलं ऐकलं नाही.

९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मान्यता रद्द केली. ही मान्यता डिसेंबर २०१९ मधली. गोवा फाउंडेशनने तिला हरकत घेतली होती आणि न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला होता.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा कॅसलरॉककडचा एक मुलगा चिडून म्हणाला, "सर, कोर्टाने आमची गाडी अडवली." त्याचा राग मला समजतो. घाटातून गाडी १८८८ पासून धावते आहे, पण पावसात दरड कोसळली की त्याचा घरी जायचा दिवस लोंढ्याच्या फलाटावरच संपतो. मी त्याला सांगितलं, न्यायालयाने दुसरा रूळ कायमचा नाकारलेला नाही. जैवविविधतेवर काय परिणाम होईल याचा सविस्तर अभ्यास करा आणि मग नवा प्रस्ताव आणा, एवढीच वाट दाखवली आहे.

त्यावर त्याचा पुढचा प्रश्न बिनतोड होता. "पण नुकसान होईलच, असं कुठे सिद्ध झालंय?"

मी त्याला अळंबीचं उदाहरण दिलं. पहिल्या पावसानंतर रानातून अळंबी, कन्नडमध्ये अणबे, घरी येतात. अनोळखी अळंबी दिसली तर आपली आजी "विषारी आहे हे सिद्ध करा, नाहीतर शिजवते" असं म्हणत नाही. खाण्याजोगी आहे हे आणणाऱ्याने पटवून द्यायचं. कायद्यात याला सावधगिरीचं तत्त्व, कन्नडमध्ये मुन्नेच्चरिके, म्हणतात. १९९६ च्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारलं आणि बदल करू पाहणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी टाकली. १९९९ मध्ये हैदराबादच्या तलावांजवळच्या कारखान्याच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली. असे प्रश्न सोडवायला नुसते कायदेपंडित पुरत नाहीत, शास्त्रज्ञही हवेत. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित लवादात न्यायाधीशांच्या जोडीला तज्ज्ञ सदस्य आले.

आपल्याला हे दूरचं वाटायचं कारण नाही. १९८७ मध्ये सुपा धरण पूर्ण झालं आणि जुनं सुपा गाव काळी नदीच्या पाण्याखाली गेलं. तेव्हा पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास कायद्याने सक्तीचा नव्हता. तो नियम १९९४ मध्ये आला. रामनगरात स्थायिक झालेल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आधी कुणी बसून हिशेब मांडला असता तर त्यांनी काय काय लिहून घ्यायला सांगितलं असतं!

मात्र आजही एक उणीव आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत, म्हणून त्यांना त्या नियमाखालची जनसुनावणीही नाही. जिथे सुनावणी होते तिथे सारांश स्थानिक भाषेत मिळतो, पण जाडजूड अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो. गवे कुठून उतरतात, कुठला झरा उन्हाळ्यातही आटत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच तो वाचता येत नाही.

इथे आपल्या दुभाषी घरांना काम आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी असा अहवाल आणावा, आजोबांना मराठीत आणि शेजारच्या अज्जींना कन्नडमध्ये वाचून दाखवावा आणि त्या काय म्हणतात ते लिहून मुदतीत पाठवावं. गाडी हवी म्हणणाऱ्यांनीही आपलं म्हणणं त्यात घालावं. शास्त्राला दोन्ही बाजूंची माहिती लागते, आणि ती आपल्या पडवीतच बसलेली आहे.