करमसद : दोघां भावांचे गाव

गुजराथेतील चरोतर हा प्रांत तंबाखू आणि केळी यांच्या शेतांनी भरलेला आहे. तेथे आणंद स्थानकापासून दोन-एक कोसांवर करमसद लागते. सरदार वल्लभभाई पटेल यांचा जन्म १८७५ साली आजोळी, नडियादला झाला. परंतु घराणे येथले व बालपणही येथलेच. वडील झवेरभाई शेतकरी होते. पाचशेंहून अधिक संस्थाने ज्याने भारतात विलीन केली, त्या पुरुषाचे घर म्हणून काही वैभव पाहण्याच्या अपेक्षेने जो जाईल, त्यास गल्लीतील हे साधे घर पाहून नवल वाटेल. २०२५ साली करमसद आणंदसह महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तथापि गावाची ओळख आजही या घरानेच आहे.

येथील स्मारकास वल्लभभाई व त्यांचे वडील बंधू विठ्ठलभाई अशा दोघांचीही नावे दिलेली आहेत. हे यथायोग्यच होय. बोरसदला वकिली करीत असता वल्लभभाईंनी विलायतेस जाऊन बॅरिस्टर होण्यासाठी पैसा साठविला. प्रवासाची कागदपत्रे ‘व्ही. जे. पटेल’ या नावे आली, ती विठ्ठलभाईंच्या हाती पडली. दोघांची आद्याक्षरे एकच! “मी वडील, आधी मी जातो,” असे त्यांचे म्हणणे पडले. धाकट्याने आपली जागा तर दिलीच, शिवाय खर्चही सोसला. १९०५ साली विठ्ठलभाई गेले. वल्लभभाईंस जावयास १९१० साल उजाडले. पुढे १९२५ साली विठ्ठलभाई मध्यवर्ती विधिमंडळाचे निवडून आलेले पहिले हिंदी अध्यक्ष झाले.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपणां वाचकांस ही कथा रामभरतांची आठवण करून देईल. परंतु तिची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. वडील बंधू विलायतेत असता त्यांची पत्नी बोरसदला दिराच्या आश्रयास राहिली. दोघी जावांचे पटेना. तेव्हा वल्लभभाईंनी वहिनीस दुखविले नाही. स्वतःच्या पत्नीस, झवेरबांस, माहेरी धाडले. पुढे १९०९ साली मुंबईस शस्त्रक्रियेनंतर झवेरबा निवर्तल्या. पती विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मागे मणिबेन व डाह्याभाई ही दोन लहान मुले राहिली.

वाल्मीकींनी लक्ष्मणाचा बंधुप्रेमा सविस्तर वर्णिला. ऊर्मिलेविषयी मात्र ते जवळजवळ मौनच पाळतात. आपल्या घरांतूनही असेच घडत आले आहे. भावाने भावासाठी केलेला त्याग पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो; त्या त्यागाचा अर्धा भार जिने मुकाट्याने वाहिला, तिचे नाव नातवंडांस ठाऊकही नसते. धाकट्याचे औदार्य यामुळे उणे होत नाही. परंतु त्याची किंमत एकट्यानेच दिली, असे म्हणणे न्यायाचे नव्हे.

म्हणून मुलाबाळांसह करमसदला जाणाऱ्या गृहस्थांस इतकेच सुचवावेसे वाटते : त्या घरापुढे उभे राहून दोघां भावांची कथा सांगाल, तेव्हा झवेरबांचेही नाव घ्यावे.